प्रासुक पाणी

बाहेर बाकड्यावर माणसं ताटकळली होती, आणि आत कमलाक्का उठायचं नाव घेत नव्हती. तिला एक गोष्ट कळत नव्हती. आणि कमलाक्काला एखादी गोष्ट कळली नाही की समोरच्याची सुटका नसते, हे निपाणीजवळच्या त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"म्हणजे मॅडम, बाळाला नुसतं आईचं दूध चालतंय."

"चालतं," ऋतिका मॅडम म्हणाल्या. एचआयव्ही झालेल्या बायकांना समजावून सांगायचं काम त्यांच्याकडं होतं.

"आणि आईचं न देता नुसतं डब्याचं दिलं, तरी चालतंय."

"तेही चालतं. चांगलं पाणी, स्वच्छ वाटी-चमचा, सगळं रोज जमत असेल तर."

"आणि दोन्ही दिलं तर न्हाय चालत."

"न्हाय चालत."

"हे काय गौडबंगाल म्हणायचं, मॅडम? ह्येबी चांगलं, त्येबी चांगलं, आणि दोन्ही मिळून वाईट?"

शेजारी बसलेली राजश्री, तिची सून, पोटावर हात ठेवून छताकडं बघायला लागली. नववा महिना, पाय सुजलेले, आणि सासूबाईंची ही शाळा. ऋतिका मॅडमना मात्र हसू आलं. बाकीच्या सासवा या खोलीत आल्या की एक तर रडायच्या नाही तर सुनेला शिव्या घालायच्या. प्रश्न विचारणारी ही पहिलीच.

"हे बघा कमलाक्का, राजश्रीच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळं तिच्या दुधात विषाणू आला तरी अगदी थोडा येणार. बाळालाही औषधाचे थेंब देणार आहोत. आता बाळाचं आतडं लई कोवळं असतं. नुसतं आईचं दूध गेलं तर ते शाबूत राहतं, आलेल्या विषाणूला आत शिरायला जागा मिळत न्हाय. पण गुटी, साखरपाणी, गाईचं दूध असलं काही वरनं गेलं की आतड्याला बारीक बारीक इजा होते, आणि मग वाट मोकळी होते. म्हणून सहा महिने फक्त दूध. दुसरं काही न्हाय."

"पाणीसुद्धा?"

"पाणीसुद्धा न्हाय."

कमलाक्कानं मान डोलावली. उत्तर तिला पटलं होतं. पटलं की ती एकदम शहाण्यासारखी वागायची, त्यात वाद नाही. घोळ झाला तो नंतर.

घरात ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: राजश्री, तिचा नवरा अभिनंदन आणि अभिनंदनची आई कमलाक्का. राजश्रीला दिवस गेले, सगळ्यांचं तपासतात तसं तिचं रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मग अभिनंदनचं तपासलं, त्यालाही निघाला. निपाणीत औषधाच्या दुकानापासून दवाखान्यातल्या आयापर्यंत कुणी ना कुणी पाहुणा लागतोच, म्हणून दर खेपेला बेळगावच्या सरकारी दवाखान्याची वारी सुरू झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथं रोजची गोळी कुणाकुणाच्या नजरेतून लपवणार? राजश्री सासरीच राहिली. गावानं नाकं मुरडली, मुरडू देत.

पहिल्यांदा कळलं तेव्हा कमलाक्का न जेवता भिंतीकडं तोंड करून पडून राहिली होती. उठली आणि बेळगावला जाऊन तिनं पहिला प्रश्न विचारला तो हाच, की कुणाकडनं कुणाला? ऋतिका मॅडम म्हणाल्या, रिपोर्टात ते कळत न्हाय, आणि कळलं तरी बाळाला त्याचा काडीचा उपयोग न्हाय. कमलाक्कानं तो प्रश्न गिळला. घशात तो पुष्कळ दिवस अडकून राहिला, खोटं कशाला बोला. पण गिळला एवढं खरं, आणि मग तिनं बाळासाठी कंबर कसली.

मुलगी झाली. गोरी, टकली, हाताच्या मुठी आवळून घरभर हुकूम सोडणारी. राजश्रीनं आधीच ठरवलं होतं, अंगावरच पाजायचं. डबा आणला असता तर अख्ख्या गल्लीनं विचारलं असतं, दूध न्हाय का येत, का न्हाय येत, आणि मग गावठी उपाय घेऊन बायकांची रांग लागली असती.

रांग तशीही लागलीच. सगळ्यात पुढं रत्नाक्का, कमलाक्काची थोरली जाऊ. वेगळी चूल, पण मान मोठा. ती सहाण बगलेत मारून आली. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, सगळं फडक्यात बांधून.

"डॉक्टरांनी गुटी नको म्हणून सांगितलंय, आक्का," कमलाक्का म्हणाली.

"डॉक्टरांनी! आमची काय पोरं मेली काय गं गुटीनं?"

"मेली न्हाईत. पण हिला वास सोसत न्हाय. परवा शेजारणीनं वेखंड नुसतं दारात आणलं तर शिंकून शिंकून लालबुंद झाली."

इतकं धादांत खोटं कमलाक्का डोळा न लववता बोलली. राजश्री आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं, ही बाई माझ्या बाजूची आहे. तिनं त्या दिवशी सासूला आपणहून जवळ बसवलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. मग अंघोळीला जाताना, गोळी घेऊन जरा पडताना, बाळ आजीकडंच.

एप्रिल लागला. पत्रे तापले, दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसेना. कमलाक्का बाळाला मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती. बाळ जीभ बाहेर काढायचं, ओठ चाटायचं, पुन्हा जीभ बाहेर. राजश्री नुकतीच झोपली होती, रात्रभर जागी होती बिचारी. कमलाक्काला वाटलं, लेकराला तहान लागलीय. आणि मग तिचं डोकं चालायला लागलं.

आता तिचं डोकं कसं चालतं ते ऐका. घर जैनांचं. नळाच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं. गाळल्याशिवाय थेंब प्यायचा नाही. विहीर होती तेव्हा गाळण्यात अडकलेले जीव पुन्हा विहिरीत सोडून यायचे, त्यांनाही इजा नको. कमलाक्का त्याच्या पुढची. ती गाळलेलं पाणीही उकळून घ्यायची, निवलं की मग प्यायची. त्याला म्हणायचं प्रासुक पाणी. त्यात एकही जीव उरत नाही. मुनिमहाराज आले की त्यांनाही हेच पाणी लागतं.

मॅडम काय म्हणाल्या? पाणी न्हाय. बरोबर. पण त्या बोलल्या साध्या पाण्याबद्दल, लोक पितात त्या. त्यांना बिचाऱ्यांना प्रासुक पाणी काय माहीत? हा विषाणू विषाणू म्हणतात तो काय, एक बारका जीवच ना? आणि ज्या पाण्यात जीवच न्हाय ते पाणी कुणाची वाट मोकळी करणार? कमलाक्काला हा विचार इतका आवडला की तिनं तो दोनदा केला. मग स्वयंपाकघरात जाऊन चांदीचा चमचा उकळून घेतला, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि बाळाच्या ओठात हळूच पाणी सोडलं.

बाळानं मिटक्या मारल्या. कमलाक्का खाली वाकून बारकाईनं बघत राहिली. पोट बघितलं, दुपटं बघितलं, कपाळाला हात लावून बघितला. काही नाही. लेकरू गाढ झोपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, त्याच्या पुढच्या दिवशीही. राजश्रीला सांगितलं नाही, कारण राजश्री घाबरट, उगीच जिवाला लावून घेईल. पण मॅडमना मात्र सांगायचं तिनं पक्कं केलं. डॉक्टरांना जे ठाऊक नाही ते आपल्याला सापडलंय, बाकीच्या बायांनाही उन्हाळ्यात उपयोगी पडेल, असं तिला मनापासून वाटत होतं. बेळगावला जायची ती वाटच बघत होती.

सहाव्या आठवड्यात बाळाची पहिली तपासणी. टाचेला सुई टोचली, रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपून घेतले, बाळानं दवाखाना डोक्यावर घेतला. राजश्रीनं तिला छातीशी धरलं. ऋतिका मॅडम म्हणाल्या, रिपोर्ट यायला वेळ लागेल, आला की फोन करते. मग नेहमीचं विचारलं, वरचं काही देत न्हाय ना?

"अजिबात न्हाय," राजश्री अभिमानानं म्हणाली.

"तेच विचारायचं होतं मॅडम," कमलाक्का खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "मी एक करून बघितलंय."

आणि तिनं सगळं सांगितलं. गाळणं, उकळणं, निववणं, चमचा, मिटक्या. एवढ्या उत्साहानं सांगितलं की राजश्रीचा चेहरा कसा उतरत गेला ते तिला दिसलंच नाही. 

"कमलाक्का," ऋतिका मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुमच्या पाण्यात जीव न्हाईत हे मला पटलं. पण भीती फक्त पाण्यातल्या जिवांची न्हाय. पाण्यानं पोट भरलं की बाळ तेवढं दूध कमी ओढतं. आतड्याचं रक्षण करतं ते दूधच, तेच कमी पडतं. आणि उन्हाळ्यात बाळाची तहान दुधानंच भागते, दुधात पाणीच तर जास्त असतं. गुटीएवढा धोका यात न्हाय, राजश्रीच्या गोळ्याही नियमानं चालू आहेत. काही झालं न्हाय असंच आपण धरू. पण आजपासून बंद."

"मग आज जे रक्त काढलं—"

"ते रिपोर्ट आल्यावर कळेल."

आपण काय केलं ते कमलाक्काला आत्ता, या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं. तिनं राजश्रीकडं बघितलं. राजश्री बाळाचं टोपडं नीट करत होती, पुन्हा पुन्हा, नीट असलेलंच.

येताना एसटीत राजश्री बाळाला घेऊन खिडकीशी बसली. निपाणीत उतरल्यावर कमलाक्कानं सवयीनं बाळासाठी हात पुढं केले.

"राहू दे," राजश्री म्हणाली.

घरी गेल्यावर ती फुटली. "गावातल्या बायका अडाणी म्हणून मी त्यांना भीत होते, आई. दाराला कडी लावून बसत होते. आणि तुम्ही आत बसून पाजत होता! माझं लेकरू मी तुमच्या मांडीवर ठेवून झोपत होते."

"मला वाटलं गं..."

"तुम्हाला वाटलं! विचारायचं होतं ना. सगळ्या दुनियेला विचारता, मला एकदा विचारायचं होतं!"

त्या दिवसापासून राजश्री अंघोळीला गेली तरी बाळ पाटीत घालून न्हाणीच्या दारात ठेवायची, दार उघडं ठेवून. अभिनंदननं मध्ये पडून बघितलं, तर त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले. घरात जेवण व्हायचं, भांडी व्हायची, जरुरीपुरतं बोलणंही व्हायचं. फक्त बाळ कमलाक्काच्या हातात येत नव्हतं. तिचे हात रिकामे पडले, आणि रिकाम्या हातांना काय करावं ते तिला सुचत नव्हतं. ती एकटीच असताना रडायची. रिपोर्ट वाईट आला तर आपण जगायचं कसं, हे काही तिला कळत नव्हतं.

पंचेचाळिसाव्या दिवशी बाळाला बस्तीत न्यायची रीत. गावच्या जैनांचं मंदिर म्हणजे बस्ती. त्या दिवशी बाळाला पहिल्यांदा देव दाखवायचा, आणि तिथले पुजारी, म्हणजे उपाध्ये, त्याच्या कानात णमोकार मंत्र सांगतात. भाऊबंदांतल्या झाडून सगळ्या बायका जमल्या. राजश्री नव्या साडीत, बाळाला घट्ट धरून. कमलाक्का मागं, खांबापाशी.

मंत्र झाला. बाळानं जांभई दिली, सगळ्या हसल्या. बाहेरच्या मंडपात येऊन बायका टेकल्या, तेवढ्यात रत्नाक्कानं पिशवीतनं चांदीची वाटी काढली. खडीसाखरेचं पाणी.

"आमच्या घराण्यात पहिल्या देवदर्शनाला थोरलीनं गोड चाटवायचं असतंय. आण गं इकडं."

"नको, मोठ्या आई," राजश्री मागं सरकली. "डॉक्टरांनी..."

"पुन्हा डॉक्टर! गुटी न्हाय, मध तर आपल्यात चालतच न्हाय, आता देवाच्या दारातलं साखरपाणीबी न्हाय? असं काय गं वेगळं आहे तुझ्या पोरीत? माहेरी गेली न्हाईस, बेळगावला खेपा काय घालतीस, काय लपवायलाईस?"

सगळ्यांचे डोळे राजश्रीवर. आता नाही म्हटलं तर संशय, आणि व्हय म्हटलं तर बाळ. रत्नाक्कानं बोट वाटीत बुडवलं.

कमलाक्का खांबापासून निघाली ती थेट मध्ये येऊन उभी राहिली. तिनं जावेचं मनगट धरलं. शिंकांसारखं काहीतरी खोटं तिच्या जिभेवर आलं होतं. पण पाठीमागं पार्श्वनाथाची मूर्ती, गाभाऱ्याचं दार सताड उघडं. इथं खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"थांब आक्का. माझा नेम आहे," ती म्हणाली.

"कसला नेम?"

कमलाक्का गाभाऱ्याकडं वळली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "देवा, सहा महिने पुरे होईतोवर या लेकराच्या तोंडात आईचं दूध आणि डॉक्टरांचं औषध सोडून काहीही जाऊ द्यायचं न्हाय. ज्या दिवशी दुसरं काही जाईल, मग ते कुणाच्याबी हातनं जाऊ दे, माझ्या हातनं जाऊ दे, त्या क्षणापासून माझं अन्नपाणी बंद. हा नेम मी आत्ता, इथं घेतला."

आता जैनांच्या बस्तीत देवापुढं घेतलेला नेम म्हणजे काय हे बाहेरच्याला कसं सांगावं? त्याला का म्हणून विचारायचं नसतं. दुसऱ्याचा नेम मोडायला लावणं हे तर पापातलं पाप. रत्नाक्काचं बोट वाटीतच राहिलं. तिनं जावेकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. साखरेच्या एका थेंबापायी घरातलं माणूस उपाशी मरणार, तेही आपल्या हातनं! तिनं बोट पदराला पुसलं.

"आधी सांगायचं न्हाईस व्हय गं," ती पुटपुटली. मग उरलेल्या बायकांकडं वळून खेकसली, "ऐकलासा न्हवं सगळ्यांनी? कुणी काही चाटवायचं न्हाय पोरीला! आमची कमला मरंल!"

झालं. त्या दिवसापासून सगळी गल्ली बाळाची राखणदार. रत्नाक्का तर पोरीच्या जवळ केळं घेऊन कुणी उभं राहिलं तरी हाकलून लावायची.

वाटेत राजश्री कमलाक्काच्या बरोबरीनं चालत होती. मध्येच म्हणाली, "नेम खरा आहे ना आई, का आपलं आक्कांना गप करायला?"

"देवापुढं घेतला की गं."

"जेवल्याबिगर राहिला असता?"

"राहिले असते."

घरी आल्यावर राजश्रीनं सासूला ताट वाढून दिलं, समोर बसली. पण बाळ आपल्याच मांडीवर ठेवलं. त्या पाण्याचं ती विसरली नव्हती, आणि विसरावं असं म्हणायची कमलाक्काची हिंमत नव्हती.

मग फोन आला. रिपोर्ट आलाय, या.

बेळगावात त्या खोलीच्या दारात राजश्री थबकली. ऋतिका मॅडमनी आत बोलावलं. कमलाक्काचा पाय मात्र उंबऱ्याबाहेरच अडला. गल्लीत भांडण झालं तर चपला न घालता धावणारी बाई ती. पण आज तिला काही कळून घ्यायचं नव्हतं. जोवर कळत नाही तोवर लेकरू चांगलं होतं.

"तू जा," ती म्हणाली. "मी हितं बसते."

दार लागलं. ती बाकड्यावर बसली. शेजारची बाई काहीतरी विचारत होती, कमलाक्कानं ऐकलं नाही. णमोकार म्हणायला घेतला तर मधलेच शब्द आठवेनात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दार उघडलं. राजश्री बाहेर आली ती रडत. डोळे लाल, नाक लाल, पदराचं टोक ओलं. राजश्री जवळ आली, वाकली आणि तिनं बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं.

कमलाक्काचे हात बाळाभोवती आले. बाळानं तिची बांगडी धरली. तिनं वर बघितलं नाही. बाळ मांडीवर दिलं ते कशानं, आनंदानं का दुःखानं, ते तिला समजेना, आणि विचारायला तोंड उघडेना.

"आई," राजश्री म्हणाली, "विचारा की."

कमलाक्कानं मान हलवली. नाही.

"विचारा की हो आई! तुम्ही न्हाय विचारलं तर मी कुणाला सांगू?"

"सांग," कमलाक्का कशीबशी म्हणाली.

"न्हाय निघाला. हिला न्हाय. पुढच्या तपासण्या आहेत अजून, पण आज न्हाय."

बाकड्यावरची माणसं बघायला लागली. दोघी बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडत होत्या, आणि मध्ये दबलेलं लेकरू भूक लागली म्हणून ओरडत होतं.